टर्बो गाडीला बाहेरून बसवायच्या वस्तू : वर्षभरात काय बसवलं, काय काढलं

ऑक्टोबर २०२४ मध्ये गाडीचे २२,४०० किलोमीटर झाले होते. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं, थेट इंजेक्शनचं टर्बो पेट्रोल, गिअर मॅन्युअल, आणि कंपनीची वॉरंटी अजून दीड वर्ष शिल्लक. बूस्ट गेज (टर्बोच्या दाबाचं मीटर), कापडी एअर फिल्टर, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, ट्यूनिंग बॉक्स, ऑइल कॅच कॅन अशा वस्तूंबद्दल विचारलं की दोनच उत्तरं मिळायची. विकणारा म्हणायचा, 'फरक जाणवेल', आणि बाकीचे म्हणायचे, 'काही हात लावू नका'. मोजून पाहिलेलं मात्र कोणी सांगत नव्हतं. म्हणून एका वेळी एकच वस्तू बसवायची, आधी आणि नंतर मोजायचं, असं ठरवलं. त्याला बरोबर वर्ष लागलं.

आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आजच्या टर्बो गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, प्रथम किती टॉर्क द्यायचा ते ठरवतो. मग त्यासाठी किती हवा लागेल ते काढतो आणि वेस्टगेट (टर्बो फिरवणारा धूर बाजूने सोडणारं दार) उघड-मीट करून तेवढाच दाब राखतो. हवा सहज आत येऊ लागली तर वेस्टगेट थोडं जास्त उघडतं, हवा अडकत आली तर थोडं मिटतं. चाकांपर्यंत पोचणारा जोर तोच राहतो. जुन्या, बिनटर्बोच्या गाडीत फिल्टर मोकळा केला की थोडा फायदा व्हायचा. इथे तो फायदा ईसीयू परत काढून घेतो.

सुरुवात १,४०० रुपयांच्या ओबीडी डोंगलने, म्हणजे ईसीयूतले आकडे मोबाइलवर पाठवणाऱ्या जोडाने, केली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो लावायचा आणि मोबाइलवर चारच आकडे घ्यायचे: आरपीएम, वेग, मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. जास्त आकडे मागितले की स्वस्त डोंगल मंदावतो आणि नेमका हवा तो क्षण निसटतो. मॅनिफोल्डचा दाब किलोपास्कलमध्ये येतो आणि तो निरपेक्ष असतो, म्हणजे त्यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा केला की बूस्ट मिळतो. मुंबईत बाहेरचा दाब साधारण १०१, पुण्यात ९५, महाबळेश्वरात ८६ च्या आसपास. हे वजा न करता 'माझा बूस्ट इतका' असं म्हणणाऱ्यांचे आकडे जुळत नाहीत ते याच कारणाने. काम झालं की डोंगल काढून ठेवा. गाडी चार-पाच दिवस उभी राहिली तर तो बॅटरी खातो.

१९ आणि २० ऑक्टोबरला पहाटे साडेपाचला, दिवे घाट चढून गेल्यावर सासवडच्या अलीकडचा सपाट, रिकामा पट्टा निवडला. तिसरा गिअर, ४० ते ८० किलोमीटर, एसी बंद, टाकी अर्धी, टायरात हवा मोजून. जाताना तीन, येताना तीन, म्हणजे वारा आणि चढ-उतार दोन्ही वजा. सरासरी ५.६ सेकंद, आणि सहा फेऱ्यांतला आपसातला फरकच ०.३ सेकंदांचा. दाब २०८ पर्यंत गेला, बाहेरचा ९३ होता, म्हणजे बूस्ट सुमारे १.१५ बार (१ बार म्हणजे १०० किलोपास्कल). हा ०.३ चा आकडा फार महत्त्वाचा आहे. त्याच्या आतला कुठलाही 'फायदा' हा फायदा नव्हेच.

कागदपत्रांचं काम ४ नोव्हेंबरला सुरू झालं. सर्व्हिस सेंटरला ईमेल केला: अमुक वस्तू बसवली तर वॉरंटीवर काय परिणाम? फोनवर लगेच 'सर, चालेल' असं उत्तर आलं. ते पुरेसं नाही, लेखी हवं असं सांगितलं. दोन स्मरणपत्रांनंतर, ११ दिवसांनी, लेखी उत्तर आलं: इंजिन, इंधन, एक्झॉस्ट आणि वायरिंग यांत केलेल्या बदलामुळे झालेला बिघाड वॉरंटीत धरला जाणार नाही. यातला 'बदलामुळे झालेला' हा शब्दप्रयोग जपून ठेवावा. पॉवर विंडो बिघडली तर बूस्ट गेजचं कारण पुढे करता येऊ नये, म्हणून हा कागद लागतो.

कायद्याचंही बघून घेतलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचं कलम १९० वेगळंच आहे, त्यात दंड १०,००० पर्यंत जातो. म्हणून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) आणि मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट हे दोन्ही पहिल्याच दिवशी यादीतून गेले. रीमॅपही, म्हणजे ईसीयूचा प्रोग्रॅम बदलणं, गेला. त्याने जोर खरोखर वाढतो, कारण तिथे ईसीयूचं लक्ष्यच बदललं जातं. पण वाढलेला टॉर्क क्लच आणि गिअरबॉक्सला सोसावा लागतो, आणि वाढलेली ताकद विमा कंपनीला न सांगता फिरणं मला पटत नाही. ड्युअल क्लच गाडी असेल तर गिअरबॉक्सची मर्यादा आधी बघा. फोक्सवॅगन गटाच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची (डीक्यू२००) मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे, आणि रीमॅपनंतर तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

३० नोव्हेंबरला बूस्ट गेज बसवलं. गेज ७,८००, मजुरी १,५००, वेळ साडेतीन तास. मेकॅनिकल गेजमध्ये मॅनिफोल्डपासून डॅशबोर्डपर्यंत रबराची बारीक नळी येते. ती निसटली की गाडीच्या आत हवेची गळती, आणि आयडलिंग बिघडतं. म्हणून इलेक्ट्रॉनिक घेतलं: सेन्सर बॉनेटखाली, आत येते फक्त वायर, आणि तीही फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) मूळ ग्रोमेटमधून, म्हणजे रबरी बुचातून. नवीन भोक पाडू देऊ नका, पावसाळ्यात पाणी तिथूनच येतं. वीज घेताना मूळ वायर सोलू दिली नाही. इग्निशनबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजच्या जागी फ्यूज टॅप लावला आणि त्यात गेजपुरता वेगळा २ अँपिअरचा फ्यूज टाकला.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. गॅरेजवाल्याने गेज काचेच्या बाजूच्या खांबावर, म्हणजे ए-पिलरवर लावायला काढलं होतं. दिसायला ती जागा छान, बाजारात त्यासाठी तयार कप्पेही मिळतात. पण ज्या गाडीत कर्टन एअरबॅग आहे तिच्यात ती पिशवी त्याच पट्टीआडून उघडते. तिथे बसवलेलं गेज अपघातात एकतर पिशवी अडवेल किंवा डोक्याच्या दिशेने सुटेल. स्टिअरिंगच्या उजवीकडे, डॅशबोर्डवर, खालच्या बाजूला लावून घेतलं.

१२ डिसेंबरला विम्याचं नूतनीकरण होतं, म्हणून गेज मुद्दाम त्याआधी बसवलं होतं. जीएसटीचं बिल आणि दोन फोटो पाठवले आणि 'इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरी' म्हणून नोंद करायला सांगितलं. किमतीच्या ४ टक्के, म्हणजे ३१२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ३६८. पॉलिसीची प्रत आली तेव्हा तो रकाना कोराच होता. दोनदा फोन करून सहाव्या दिवशी दुरुस्त प्रत मिळाली. पॉलिसी आली की तो रकाना स्वतः उघडून बघा.

गेजची खरी किंमत मला ट्यूनिंग बॉक्सच्या वेळी कळली. जानेवारी २०२५ मध्ये एका विक्रेत्याने तो दोन दिवस वापरून बघायला दिला. बूस्ट सेन्सरचा प्लग काढायचा, मध्ये डबी लावायची, दहा मिनिटांचं काम. ४० ते ८० ला ५.१ सेकंद आले, म्हणजे फरक खरा होता. पण मोबाइलवर ओबीडीचा बूस्ट दिसत होता १.१५ आणि गेज दाखवत होतं १.३५. डबी नेमकं काय करते ते या दोन आकड्यांत आहे. सेन्सरकडून आलेला दाब ती कमी करून ईसीयूला सांगते, ईसीयूला वाटतं दाब अपुरा आहे, आणि तो वाढवत नेतो. इंजिनाचं रक्षण करणारी सगळी गणितं मग खोट्या आकड्यावर चालतात. लहान टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जास्त भार पडला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, आणि त्यात पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो. १,५०० आरपीएमला चौथ्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर ती डबी तिथेही दाब वाढवत होती. ते बघून मला धास्ती वाटली. तिसऱ्या दिवशी डबी परत केली.

कापडी एअर फिल्टरबद्दल थोडक्यात. किंमत ५,२००, मूळ कागदी फिल्टर साधारण ६०० ला मिळतो. सहा फेऱ्यांची सरासरी: ५.६. शोषणाचा आवाज थोडा वाढला, आणि लोकांना 'जाणवतो' तो फरक बहुधा हाच. तीन आठवड्यांनी फिल्टरचा डबा उघडून टर्बोकडच्या, म्हणजे स्वच्छ बाजूच्या भिंतीवरून पांढरं फडकं फिरवलं. एका कडेला बोटभर लांबीचा तपकिरी पट्टा उमटला. त्या जागी फिल्टरची रबरी कड खाचेत नीट बसली नव्हती आणि तिथून धूळ आत जात होती. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या कंप्रेसरच्या पात्यांना ही धूळ पॉलिश पेपरसारखी घासते. धुतल्यावर तेल जास्त लावलं गेलं तर ज्या गाड्यांत मास एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) आहे त्यांच्या तारेवर ते बसतं, तो आणखी एक त्रास. कागदी फिल्टर परत टाकला, आणि आता तो दर १०,००० ला बदलतो. बॉनेटखाली उघडा बसणारा कोन फिल्टर तर घेऊच नका. ट्रॅफिकमध्ये तो इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो, आणि दर १० अंशांमागे हवेची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ब्लो-ऑफ व्हॉल्व्हमध्ये. पाय उचलला की थ्रॉटल (हवेची झडप) मिटतं, टर्बोने दाबलेली हवा अडते आणि उलटी फिरते. तिला वाट देणारा व्हॉल्व्ह कारखान्यातूनच येतो आणि ती हवा टर्बोच्या तोंडाशी परत सोडतो. बाजारात ब्लो-ऑफ म्हणून मिळते ती अ‍ॅल्युमिनियमची चकती या व्हॉल्व्हखाली बसते आणि काही हवा बाहेर सोडून 'फुस्स' असा आवाज देते. ताकद वाढत नाही, कारण जोर लावताना व्हॉल्व्ह बंदच असतो. टर्बोचं आयुष्य वाढतं म्हणावं, तर ते काम मूळ व्हॉल्व्ह करतोच. मॅनिफोल्डच्या दाबावरून हवा मोजणाऱ्या गाडीत निदान मिश्रण बिघडत नाही. मास एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत मात्र मोजलेली हवा बाहेर जाते, इंधन तेवढंच पडतं, आणि प्रत्येक गिअर बदलताना गाडी क्षणभर अडखळते.

८ फेब्रुवारीला चकती बसवली: ३,९०० अधिक ८०० मजुरी. २६ फेब्रुवारीला कात्रजच्या नव्या बोगद्याच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडीने जोर सोडला. मागे ट्रक होता. त्या दोन मिनिटांची भीती अजून आठवते. डावीकडे थांबून डोंगल लावला: पी०२९९, म्हणजे बूस्ट अपुरा. गेजवर २,००० आरपीएमला एक बारच्या जागी ०.६ दिसत होतं.

असं झालं तर गाडी ताणू नका. गळती असली तरी ईसीयू लक्ष्य गाठायला बघतो, त्यापायी टर्बो गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरतो आणि तापतो. हळूहळू गॅरेजपर्यंत न्या. तिथे स्मोक टेस्ट करून घेतली, १,२०० रुपये. पाइपमध्ये हलक्या दाबाने धूर सोडतात, आणि जिथून तो बाहेर येईल तिथे गळती. चकतीखालून पांढरी रेघ निघाली. उघडल्यावर ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) हातात आली: एका ठिकाणी नखाएवढा अर्धचंद्र कापला गेला होता. बसवताना ती खाचेतून वर आली आणि बोल्ट आवळताना दोन धातूंच्या मध्ये चिरडली. पत्रकात ८ न्यूटन-मीटर लिहिलं होतं, आवळलं होतं हाताच्या अंदाजाने. तिन्ही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने, टॉर्क पान्याने आवळायला हवे होते, आणि रिंग जागेवर राहावी म्हणून तिला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावायला हवं होतं. नवीन रिंग ६० रुपयांना मिळते. पण मी चकतीच काढली आणि मूळ व्हॉल्व्ह नवीन रिंगसह बसवून घेतला.

डोंगलने कोड पुसता येतो, तरी त्याची नोंद सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर दिसू शकते. मार्चच्या सर्व्हिसिंगला काय झालं होतं ते मी आधीच सांगितलं आणि जॉबकार्डवर लिहून घेतलं. लपवलं असतं तर पुढचा प्रत्येक दावा संशयात गेला असता.

मेमध्ये ऑइल कॅच कॅन, म्हणजे तेलाची वाफ अडवणारा डबा. थेट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूवर पडत नाही, त्यामुळे क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागातून) परत येणारी तेलाची वाफ तिथे साचून काजळी धरते. नेक्सॉनच्या १.२ रेव्होट्रॉनसारख्या पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोलच ती धुऊन नेतं, म्हणून तिथे या कॅनची गरज नाही. कॅन घेताना आत पडदे आणि जाळी आहे का ते बघा. रिकामा डबा तेल अडवत नाही, वाफ तशीच पुढे जाते. ६,५०० चा कॅन, ३५० मिलिलिटर, मजुरी १,२००. दोन्ही नळ्या परत इंजिनातच जोडायच्या. वाफ उघड्यावर सोडणं बीएस६ मध्ये चालत नाही.

सहा आठवड्यांत किटमधल्या नळ्या फुगून मऊ पडल्या आणि क्लॅम्पजवळ तेल पाझरू लागलं. त्या कूलंटसाठी असणाऱ्या ईपीडीएम रबराच्या होत्या, आणि त्या रबराला तेल सोसत नाही. नाना पेठेतून १९ मिलिमीटर आतल्या व्यासाची नायट्राइल रबराची ऑइल होज आणली, ३८० रुपये मीटर, दीड मीटर लागली. दुकानात 'गाडीची नळी' न म्हणता 'ऑइलला चालणारी नायट्राइल' असं म्हणा आणि नळीवरचा छाप वाचून घ्या.

मे-जूनमध्ये १,६०० किलोमीटरला ९ मिलिलिटर काळं तेल निघालं. जुलै-ऑगस्टमध्ये १,४०० किलोमीटरला ३८, आणि रंग दुधाच्या कॉफीचा. ते बघून हेड गॅस्केट गेलं की काय या शंकेने पोटात गोळा आला. कूलंटची पातळी मोजली तर जिथल्या तिथे होती. काचेच्या बाटलीत दोन दिवस ठेवल्यावर खाली दोन-तृतीयांश गढूळ पाणी आणि वर पातळ काळा थर दिसला. जवळच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, जळणातून येणाऱ्या वाफेचं थंड कॅनमध्ये पाणी होतं आणि पावसाळी हवेत ते आणखी वाढतं. हे पाणी म्हणजे बिघाड नाही, पण कॅन वेळेवर रिकामा केला नाही तर साचलेलं सगळं एका वळणावर इंजिनात ओढलं जाऊ शकतं. निघालेलं तेल गटारात ओतू नका, गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या.

कॅन ठेवला आहे, दर १,५०० किलोमीटरला रिकामा करतो. ज्यांना बॉनेट उघडायची सवय नाही त्यांनी तो लावू नये. आणि ज्या इंजिनांत तेल वेगळं करणारा भाग ब्लॉकलाच घट्ट बसवलेला असतो, तिथे मूळ रचना तोडून कॅन लावणाऱ्याला नकार द्या.

टर्बो टायमर घेतलाच नाही. चावी काढल्यावरही इंजिन चालू ठेवणारं हे यंत्र, टर्बोच्या बेअरिंगला फक्त तेलाचा थंडावा होता त्या काळातलं आहे. आता बहुतेक पेट्रोल टर्बोंना पाण्याचा थंडावाही असतो, आणि अनेक गाड्यांत इंजिन बंद झाल्यावर विजेवरचा पंप ते पाणी फिरवत ठेवतो. घाट चढून पाचगणीत थांबलात तर मिनिटभर आयडलवर ठेवा, बस. मोठा इंटरकूलरही (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) घेतला नाही: अनेक नव्या इंजिनांत तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच, पाण्याने थंड होणारा असतो, बदलायला तिथे सुटा भागच नसतो.

ऑक्टोबर २०२५ पर्यंत डोंगल, गेज, फिल्टर, चकती, कॅन, नळ्या, मजुरी, स्मोक टेस्ट आणि विम्याचे ३६८ धरून सुमारे ३०,००० रुपये गेले. त्यातले १० हजारांच्या आसपास काढून टाकलेल्या वस्तूंचे. गाडीवर राहिलं ते गेज आणि कॅन. त्याच महिन्यात एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी दर्जाचं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल टाकलं. हा दर्जा २०२० मध्ये आला, आणि ठिणगीआधीच्या त्या पेटण्यापासून संरक्षण ही त्यातली एक अट आहे. मॅन्युअलमध्ये १५,००० किलोमीटर लिहिलं असलं तरी शहरातल्या छोट्या फेऱ्यांमुळे मी ते ७,५०० ला बदलतो, ३,४०० रुपये. ऑइल घेताना डब्यामागचा गोल छाप फिरवून वाचा. पुढे मोठ्या अक्षरांत 'टर्बो' लिहिलेल्या एका डब्यावर तो छाप जुन्या एसएन दर्जाचा होता.